जुना फायर अलार्म : हिरवा दिवा लागतो म्हणजे चालतो का?



तुमच्या शाळेत जिन्याजवळ भिंतीवर एक लाल चौकोनी पेटी आहे का? 'काच फोडा' असं लिहिलेली? आणि ऑफिसात, बहुधा कपाटाच्या आडोशाला, हिरवा दिवा लागलेला एक पत्र्याचा डबा? त्या डब्याला पॅनल म्हणतात. दोन्ही वस्तू इमारत बांधली तेव्हा बसवलेल्या असतात. त्यानंतर भिंतींना दोन-तीनदा रंग दिला गेला, मुख्याध्यापक बदलले, पण पॅनलकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आहे की आमच्याकडं सिस्टीम."

आज मला याच 'आहे की' बद्दल लिहायचं आहे. आपण मुलांचं आकारिक मूल्यमापन करतो, संकलित करतो, नोंदी ठेवतो. पण ज्या यंत्रणेवर चारशे-पाचशे मुलं बाहेर पडण्याचा भरवसा आहे, तिचं मूल्यमापन कोण करतं?

आधीच सांगते, हा लेख शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन मजली शाळांसाठी आहे. दोन खोल्यांच्या, थेट अंगणात दार उघडणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेला एवढ्या यंत्रणेची गरज नसते. तिथं मोठ्यानं वाजणारी घंटा, कुलूप नसलेलं दार आणि पोषण आहाराच्या खोलीतला गॅस या तीन गोष्टी नीट बघितल्या तरी खूप झालं.

मोठ्या शाळांत मात्र एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "बसवली तेव्हाच्या नियमाप्रमाणे आहे, आता कशाला छेडायची?" हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. तो राष्ट्रीय इमारत संहितेचं पालन करायला सांगतो, तेही वेळोवेळी होणाऱ्या सुधारणांसह. ती संहिता २००५ ची होती, २०१६ साली नवी आली. फायर अलार्मसाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे, तेही १९९९ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये सुधारलं गेलं. म्हणजे २००२ साली बसवलेली यंत्रणा तेव्हा चोख असेलही, पण आजचा पेपर वेगळा आहे.

आणि हे मानक उगाच बदलत नाही. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली. स्वयंपाकघरातून ती झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. सगळी प्राथमिकची. आपण शिकवतो त्या वयाची. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली देशभरातल्या शाळांसाठी निर्देश दिले, आणि ते फक्त नव्या शाळांपुरते नव्हते. आधीपासून चालू असलेल्या शाळांनाही आग विझवण्याची साधनं बसवायला आणि कर्मचाऱ्यांना ती वापरायचं शिक्षण द्यायला सांगितलं. 'आमची इमारत जुनी आहे' ही सबब तिथंच संपायला हवी होती.

आता मूल्यमापन करायचं म्हणजे काय करायचं? माझ्या मते पॅनल उघडण्याआधी इमारत बघावी. यंत्रणा बसवली तेव्हाचा नकाशा घ्या आणि शाळेत फिरा. तेव्हा जिथं एक मोठा हॉल होता, तिथं आता प्लायवूड घालून तीन वर्ग झालेत. हॉलला एक डिटेक्टर होता, तो आता मधल्या वर्गाच्या वाट्याला आला, बाजूच्या दोन वर्गांत काहीच नाही. जिन्याखाली जुनी बाकं आणि रद्दी साठली आहे. संगणक कक्ष झाला, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या, वर्गात प्रोजेक्टर आले. विजेचा भार वाढला, अलार्म मात्र जुन्याच इमारतीची राखण करतोय. खिडक्यांना नंतर बसवलेल्या जाळ्या तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मग आवाज. मानकाप्रमाणे अलार्मचा आवाज किमान ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त, यातला जो मोठा असेल तो हवा. आपल्या मधल्या सुट्टीचा गोंगाट आठवून बघा! म्हणून चाचणी शांत रविवारी घेऊन उपयोग नाही. वर्ग भरलेले असताना, दारं लावून, सगळ्यात शेवटच्या खोलीत आणि मुलींच्या स्वच्छतागृहात उभं राहून ऐका. कानाला अगदी शाळेच्या घंटेसारखा वाटला तरी घोळच, कारण मुलं दप्तर आवरायला लागतील. आणि वर्गात ऐकू न येणारं मूल असेल तर? जुन्या यंत्रणांत लुकलुकणारा दिवा बहुधा नसतोच. समावेशित शिक्षणाची प्रशिक्षणं आपण सगळ्यांनी केलीत, तिथं हा प्रश्न कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

यंत्राच्या बाजूला तीन-चार गोष्टी कुणालाही समजतील अशा आहेत. पॅनलमधल्या सीलबंद बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत थकतात. मेन स्विच बंद करून लाल पेटीची चाचणी घेतली की खरं काय ते कळतं. हिरवा दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो. संध्याकाळी शाळा बंद करताना शिपाईमामा जे स्विच खाली करतात, त्यातच पॅनलचा स्विच असेल तर तो रोज रात्री बॅटरीवर जगतो आणि ती लवकर मरते. स्मोक डिटेक्टरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. धूळ, कोळ्याची जाळी आणि रंगाऱ्याचा ब्रश यांनी ते आणखी कमी होतं. स्वयंपाकाच्या खोलीत स्मोक डिटेक्टर असेल तर तो फोडणीलाही ओरडतो. मग वैतागून कुणीतरी अख्ख्या मजल्याचा झोन बंद करून ठेवतं. तिथं उष्णतेवर चालणारा डिटेक्टर हवा. पॅनलवर पिवळा दिवा लागलेला असेल आणि त्याचा बझर बंद केलेला असेल, तर तो कधीपासून तसा आहे हे जरूर विचारा.

इथं पालकांना एक सावधगिरीची सूचना. तपासणीला आलेला माणूस "सगळंच काढून नवीन टाका" म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. जुनं म्हणजे टाकाऊ असं नाही. साध्या पॅनलवर 'पहिला मजला' एवढंच कळतं, नव्या पद्धतीच्या पॅनलवर नेमका कोणता डिटेक्टर वाजला ते कळतं. पण आठ-दहा खोल्यांच्या शाळेला साधं पॅनलही चालून जातं, जर त्याचे सुटे भाग मिळत असतील आणि वायरिंग ठीक असेल. सुटे भागच मिळत नसतील तर मात्र बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून लेखी अहवाल मागा. काय चालतं, काय दुरुस्त होईल, काय बदलावंच लागेल आणि प्रत्येकामागचं कारण काय.

कायद्यानं ज्या इमारतींना ही उपाययोजना लागू आहे, त्यांना परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडं द्यायचं असतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ते बघायला मागा. संस्थाचालकांना राग येईल, येऊ द्या. प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावर न थांबता चाचणीची नोंदवहीही मागा. कागद बघूनच समाधान मानायची सवय आपल्या खात्यानंच आपल्याला लावली आहे, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

अहवाल हातात आला की कामाचे दोन भाग करा. वायरिंग बदलणं, नवे डिटेक्टर बसवणं यासाठी भिंती फोडाव्या लागतात, त्यामुळं ते दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यावं. बॅटरी, बंद ठेवलेला झोन, फुटकी लाल पेटी आणि जिन्याखालची रद्दी यांना मात्र सुट्टीची वाट बघायचं काही कारण नाही. ती कामं याच आठवड्यात होतात.