९१ वेळा कोसळलेले सरकार

ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या 'द न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकाने ४२ पानांची एक पुरवणी काढली. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघांनी मार्च १९१७ ते मार्च १९२० असा तीन वर्षांचा 'न्यूयॉर्क टाइम्स' वाचून काढला होता. रशियात झारशाही कोसळल्यानंतर तिथल्या घडामोडींच्या ज्या बातम्या त्या दैनिकात आल्या, त्या त्यांनी तपासल्या. बोल्शेविक चांगले की वाईट, हा वाद त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला. कसोटीला घेतल्या त्या फक्त अशा गोष्टी, ज्या शत्रूलाही नाकारता येत नव्हत्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्ता बोल्शेविकांच्या हाती गेली, मार्च १९१८ मध्ये त्यांनी जर्मनीशी वेगळा तह केला, त्यांच्यावर चालून गेलेल्या सेनापतींच्या मोहिमा फसल्या आणि १९२० उजाडले तरी ते सत्तेवर होते. हे सारे घडत असताना वर्तमानपत्र वाचकाला काय सांगत होते, एवढेच त्या दोघांनी पाहिले.

ती राजवट कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या दैनिकाने ९१ वेळा छापले होते. लेनिन आणि ट्रॉट्स्की पळून गेल्याच्या बातम्याही आल्या होत्या. राजवट मात्र जागेवरच होती.

या तपासणीतला महत्त्वाचा भाग आकड्याच्या पुढे सुरू होतो. हा कट होता किंवा मालकाने हुकूम सोडला होता, असे लिपमन आणि मर्झ यांनी म्हटले नाही. त्यांचे निदान असे होते की, बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनात एक इच्छा होती, एक भीती होती आणि जी माहिती त्यांच्याशी जुळेल ती चाळणीतून सहज खाली येत होती. सरकारी खात्यांनी पुरवलेली माहिती, निनावी सूत्रे, रशियातून परागंदा झालेल्यांच्या मुलाखती हे सगळे तपासाविना छापले गेले, कारण ते खरे असावे असे सर्वांनाच वाटत होते. लिहिणारी माणसे प्रामाणिक होती. वाचक तरीही फसला.

पत्रकारितेतील वस्तुनिष्ठतेची चर्चा आपल्याकडे नेहमी माणसापासून सुरू होते. अमुक संपादक कोणाचा, तमुक बातमीदार कोणत्या नेत्याच्या गाडीतून फिरतो, अमक्या वाहिनीचा मालक कोण. हे प्रश्न खोटे नाहीत. पण त्यामुळे एक समजूत पक्की झाली आहे: ज्याला स्वतःचे मत नाही तो वस्तुनिष्ठ. लिपमन यांचा आग्रह याच्या नेमका उलटा होता. माणसाला मत असणारच, म्हणून शिस्त पद्धतीत हवी. माहिती कोणाकडून घेतली, ती दुसऱ्या मार्गाने पडताळली का, विरुद्ध जाणारा पुरावा शोधला का, हे दुसऱ्या कोणालाही तपासता आले पाहिजे. प्रयोगशाळेत ज्या निकषावर निष्कर्ष मान्य होतो, तोच निकष बातमीला लावावा, असे ते सांगत होते. हेच चार्ल्स मर्झ पुढे १९३८ ते १९६१ या काळात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्याच संपादकीय पानाचे प्रमुख होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मराठीत ही चर्चा परक्या जमिनीतून आणून लावावी लागत नाही. आपली वृत्तपत्रे मुळात मतपत्रे होती. 'केसरी' मतासाठीच निघाला आणि मतभेद टोकाला गेले तेव्हा आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोन्हीकडे भूमिका उघड होती आणि आपण कोणाचे वाचतो आहोत हे वाचकाला ठाऊक होते. पुढे आचार्य अत्रे यांचा 'मराठा' संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हत्यार म्हणूनच १९५६ मध्ये जन्मला. अशा पत्रांनी समाजाचे नुकसान केले असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. भूमिका असणे हा दोष नाही.

दोष कुठे असतो हे लिपमन यांची पुरवणी निघाली त्याच वर्षी मुंबईत एका पाक्षिकाने दाखवून दिले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे ठरावीक जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतरांची त्यांना पर्वा नसते, ही त्यांची तक्रार पहिल्याच अंकात होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिल्याची नोंद आहे. छापलेल्या मजकुरात पक्षपात शोधता येतो. जे छापलेच नाही त्यातला पक्षपात शोधायला कात्रण हाती नसते, म्हणून तो अधिक खोल जातो आणि अधिक टिकतो.

बातमीला मतापेक्षा वरची जागा देण्याचा ठाम प्रयत्न मराठीत झाला तो डॉ. ना. भि. परुळेकर यांच्या हातून. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, तिथली वृत्तपत्रे जवळून पाहून ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात त्यांनी 'सकाळ' सुरू केला. गावोगावचे वार्ताहर, बाजारातले भाव, नळाचे पाणी, शाळा, रस्ते या गोष्टी अग्रलेखाइतक्याच मोलाच्या आहेत असे मानणारे ते पत्र होते. मराठी बातमीदारीचा आजचा बराचसा व्यवहार त्या वळणावरून आला आहे. पण बातमीला महत्त्व दिले की पक्षपात आपोआप सुटतो, असे मात्र झाले नाही. तो अग्रलेखातून उठून बातमीच्या कण्यात जाऊन बसला.

खैरलांजी आठवावी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. नागपूर तिथून जवळ. राज्याची उपराजधानी, मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या, छापखाने, प्रतिनिधी, सारे हाकेच्या अंतरावर. तरीही मुंबई-पुण्याच्या पहिल्या पानांवर हा विषय यायला आठवडे गेले. सुरुवातीला जे छापून आले त्यात अनैतिक संबंधांच्या रागातून गावकऱ्यांनी केलेले कृत्य, अशी मांडणी होती. जमिनीचा वाद, जात, आधीची मारहाण आणि पोलिसांतली तक्रार हे सगळे मागाहून आले. तेही आधी कार्यकर्त्यांनी आणि सत्यशोधन समित्यांनी गावात जाऊन खणून काढले. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरल्यावर वृत्तपत्रांना जाग आली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले.

सुरुवातीची ती बातमी लिहिणाऱ्याने नेहमीची रीत पाळली असणार. पोलीस ठाण्यात फोन केला, ठाण्याने सांगितले ते उतरवून घेतले, स्वतःचे काही घातले नाही. तटस्थपणाच्या रूढ व्याख्येत ती बातमी चोख बसते. आणि तरीही, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यावरच डाग लावणारी ती बातमी होती. अधिकृत स्रोत हा एक पक्ष असतो, ही साधी गोष्ट रोजच्या धावपळीत विसरली जाते. ठाण्याचे, मंत्रालयाचे, महापालिकेचे म्हणणे म्हणजे घटना नव्हे. ते घटनेबद्दल एका बाजूने सांगितलेले म्हणणे असते. ९ फेब्रुवारी १९५० रोजी अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग या गावातल्या भाषणात परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचे सांगितले. 'सिनेटर म्हणाले' एवढ्या आधारावर असे आरोप देशभर छापले गेले. त्या दोन शब्दांनी बातमीदाराची जबाबदारी संपली असे मानले गेले आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

याच्या दुसऱ्या टोकाला पैसा आहे आणि तिथे महाराष्ट्राचे नाव देशभर झाले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, मतदानाच्या आधीच्या दिवसांत, तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरील स्तुतिपर लेख तीन प्रमुख मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला. ती दैनिके परस्परांची स्पर्धक होती. एकाने तो विशेष प्रतिनिधीच्या नावावर छापला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून हे उघडकीला आणले. चव्हाणांनी आपल्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. पैसे देऊन मजकूर छापून आणल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने हिशेब नीट न दिल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कायद्यापुरते ते प्रकरण तिथे मिटले. व्यवसायापुरते मिटलेले नाही, कारण तीन स्पर्धक दैनिकांत एकच मजकूर कसा आला, या प्रश्नाचे उत्तर वाचकाला त्या दैनिकांकडून मिळायला हवे होते. भारतीय प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावे होती, त्यांचे खुलासे होते. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण अहवाल बाजूला ठेवून नावे वगळलेला छोटा अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ उजाडले. दुसऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात कागद मागणाऱ्या व्यवसायाने स्वतःबद्दलचा कागद दडवला, याची खंत प्रत्येक बातमीदाराला वाटली पाहिजे.

पक्षाचे मुखपत्र असलेला 'सामना' वाचणाऱ्याला तो कोणाचा हे माहीत असते. घातक असते ते छुपे नाते. जिल्ह्या-तालुक्यांत त्याची रचना या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्या वार्ताहराने नगराध्यक्षांच्या ठेक्यांवर लिहायचे, त्यालाच त्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात मिळवायची असते, आणि मानधन नाममात्र असल्याने घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. अशा माणसाला वस्तुनिष्ठतेचे व्याख्यान देणे अन्याय आहे. बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा वेगळा असला पाहिजे, हे संपादकांनी व्यवस्थापनापुढे मांडायचे आहे आणि त्यासाठी भांडायचेही आहे.

वाहिन्यांवर यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून समतोल पुढे केला जातो. दोन प्रवक्ते या बाजूचे, दोन त्या बाजूचे. पण जिथे पुरावा एकाच बाजूला आहे तिथे समान वेळ देणे हीसुद्धा चुकीची माहिती ठरते. हवामानबदलाच्या बाबतीत बीबीसीने हे २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना लेखी कळवले: चर्चेत समतोल आणण्यासाठी तो नाकारणाऱ्याला बोलावण्याची गरज नाही. धरणातला पाणीसाठा, पीक विम्याची भरपाई, रुग्णालयातल्या खाटा यांच्याबाबत आपल्या वाहिन्यांवर असा नियम लिहून ठेवलेला दिसत नाही. खाटा मोजता येतात. त्या मोजायच्या सोडून त्यांच्यावर दोन प्रवक्त्यांची झुंज लावली जाते.

आणि बातमी निवडणाऱ्या खोलीत कोण बसलेले असते? २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांच्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यात ७१ टक्के उच्चवर्णीय हिंदू पुरुष होते. दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. मराठी वृत्तसंस्थांनी आपल्या डेस्कची अशी गणती स्वतः करून प्रसिद्ध केल्याचे ऐकिवात नाही. ज्यांच्या घरादारातून खैरलांजीसारखी घटना लगेच ओळखली गेली असती, अशी माणसे त्या खोलीत असती तर पहिल्या दिवशीच ठाण्याच्या म्हणण्याला प्रश्न विचारला गेला असता.

म्हणून या अंकात निवडणूक वार्तांकनावरील लेखांसोबत मोजणीचा एक नमुना तक्ता दिला आहे. त्यामागची रीत लिपमन आणि मर्झ यांचीच आहे. आपल्याच दैनिकाचे किंवा आपल्याच बातमीपत्राचे मागचे तीन महिने घ्यावेत आणि एकच विषय धरावा, ज्याचा निकाल आता लागलेला आहे आणि ज्याबद्दल वाद उरलेला नाही. एखादी पोटनिवडणूक, एखादा पाणीप्रकल्प, पुढे आरोपी सुटला किंवा दोषी ठरला असा एखादा खटला. मग पाहावे की नावानिशी बोललेली माणसे किती आणि 'सूत्रे' किती, ज्याच्यावर आरोप झाला त्याचे म्हणणे घेतले का आणि ते कितव्या परिच्छेदात आले. मंत्री 'स्पष्ट करतात' आणि आंदोलक 'दावा करतात', असा फरक क्रियापदांत दिसतो का, हेही पाहावे. आरोपाची बातमी पहिल्या पानावर गेली असेल तर सुटकेची कोणत्या पानावर गेली, ते नोंदवावे. प्रेसनोटमधली वाक्ये जशीच्या तशी किती उतरली, हे प्रेसनोट शेजारी ठेवून मोजता येते. एका उपसंपादकाला फावल्या वेळात दोन आठवड्यांत होण्याजोगे हे काम आहे. जिल्हा आवृत्त्यांनी ते अवश्य करावे, कारण तिथला वाचक घटनेच्या सर्वांत जवळ असतो आणि बातमीतली चूक त्याला सर्वांत आधी कळते.

भरलेले तक्ते या मासिकाकडे पाठवावेत. संस्थेचे नाव छापायचे की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवावे, आकडे मात्र जसे येतील तसे छापले जातील. या मासिकाच्या स्वतःच्या मागील बारा अंकांची मोजणी पुढच्या अंकात पहिल्या पानावर असेल आणि ती संपादक मंडळाबाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतली जाईल.