आधी पाणी शोधा, मग बुरशी



एका भगिनीचे पत्र समोर आहे. सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे घर. आतल्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडली आहे. दिवाळीला रंग दिला की भिंत छान दिसते आणि आषाढ आला की काळे ठिपके पुन्हा हजर! धाकट्याला रात्री खोकला लागतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती हो अशी बुरशी. झाडलोट नीट हवी." त्यातच एक गृहस्थ घर पाहून गेले. घरातल्या हवेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून देतो म्हणाले. पण रक्कम ऐकून यजमानांनी कपाळाला हात लावला. "ताई, ही तपासणी करून घ्यावी का?" असे त्या विचारतात.

आधी सासूबाईंच्या बोलण्याविषयी. बुरशी आपल्या आळसाने येत नाही, ती पाण्याने येते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण सगळ्याच हवेत असतात, अगदी लखलखीत घरातसुद्धा. ओल मिळाली की ते रुजतात. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. केरसुणीने न जाणारी गोष्ट आहे ही.

आता तपासणीचे. जी भिंतीवर उघड दिसते आहे, ती 'आहे की नाही' हे विचारायला पैसे कशाला मोजायचे? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचाही हाच सल्ला आहे, की बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने तपासण्याची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाचे विकार अधिक होतात, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. पण हवेत अमुक इतके कण म्हणजे धोका, असा आकडा मात्र दिलेला नाही. मग अहवालात आकडा आला तरी तो ताडून बघायचा कशाशी? शिवाय पावसाळ्यात बाहेरच्या हवेतही हे कण भरपूर. बाहेरचा नमुना सोबत घेतला नाही, तर आतल्या आकड्याला काय अर्थ!

म्हणजे तपासणीच नको का? तसेही नाही. वास येतो पण बुरशी दिसत नाही, किंवा ओल कुठून येते ते कळत नाही, अशा वेळी जाणकार माणूस जरूर बोलवावा. तो भिंतीला ओलावा मोजण्याचे यंत्र लावतो, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने गार पडलेले भाग शोधतो, वरच्या मजल्यावरची मोरी पाहतो, गच्चीवर चढतो. पैसे ठरवण्यापूर्वी त्याला दोनच प्रश्न विचारा : "पाणी कुठून येतं ते लेखी सांगाल ना?" आणि "औषध फवारण्याचं कामही तुमचंच का?" ज्याला फवारणी विकायची आहे, त्याला बुरशी सापडणारच!

पण त्याआधी पुढच्या गोष्टी स्वतः करून बघा.

१. ओल कधी दिसते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. फक्त पावसात वाढत असेल, तर बाहेरची भिंत, गच्ची किंवा खिडकीवरचा छज्जा बघा. बारा महिने असेल, तर नळ किंवा मोरीचा पाइप.

२. भिंत पुसून कोरडी करा आणि हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आत, भिंतीकडे, पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ.

३. पांढरी भुकटी दिसली तर थोडी पाण्यात टाका. विरघळली तर तो लोणा, बुरशी नव्हे. ओल मात्र तिथेही आहेच.

४. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. कुणी पाणी वापरले नसताना सकाळी तो सरकलेला दिसला, तर कुठेतरी गळती आहे.

कारण सापडले की खर्च कुणाचा हेही ठरते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. संडास, मोरी, सिंक यांची आतली गळती ज्यांची आहे त्या सभासदांनी. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. जिन्यात भेटल्यावर बोललेले कुणाच्या लक्षात राहत नाही.

गळती थांबली की साफसफाई. साधारण तीन फूट बाय तीन फुटांचा डाग असेल तर घरीच निघेल. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडकी उघडा, नाकातोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घाला. कोरडा ब्रश मारू नका, कण उडतात. साबणाच्या पाण्याने ओले करून घासा, पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे अॅसिड एकत्र करू नका हं, विषारी वायू निघतो! बुरशी लागलेली गादी टाकून द्यावी हेच बरे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. आणि ओल्या भिंतीवर रंग मुळीच नको. तो रंग नव्हे, नुसते पांघरूण.

राहता राहिला धाकटा. त्याला आजच डॉक्टरांकडे न्या आणि घरात ओल आहे हे आवर्जून सांगा. भिंतीचे काम महिनाभर लांबले तरी चालेल, पण त्याचा बिछाना आज रात्रीच कोरड्या खोलीत हलवा. तपासणीसाठी काढून ठेवलेले पैसे प्लंबरला उपयोगी पडतील.

आणि हो, त्या प्लॅस्टिकच्या कागदाचा प्रयोग सासूबाईंसमोरच करा बरं का!