अजिंठ्याच्या भिंतीतला तूस



दिवाळीच्या सुटीत आमच्या वस्तीतील तीस-बत्तीस जण अजिंठ्याला जाऊन आलो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगाव, तिथे मुक्काम, सकाळी एस.टी.ने फर्दापूरचा फाटा आणि पुढे लेण्यांची बस. सोबत आई होती. तिची उमेदीची वीस वर्षे राईस मिलमध्ये गेली. आता गुडघे साथ देत नाहीत. डोली करू म्हटले तर म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर बसून बुद्धाकडे जाऊ का?" थांबत थांबत चालली.

सतरा क्रमांकाच्या लेण्यात शिरलो. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, घाई करू नये. गाभाऱ्याच्या अलीकडच्या दालनात एक चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले तथागत कपिलवस्तूला परत आले आहेत आणि समोर माता यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे. तथागत भिंतभर उंच, मायलेक अगदी लहान. आई किती तरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चितारणाऱ्यानं तिच्या डोळ्यानं पाह्यलं रे. तिले तो एवढाच मोठा दिसला असंल." एवढी पुस्तके चाळली, पण हे मला सुचले नव्हते.

ही लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या विदर्भातले वाशीम. शेजारचे सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले, तसा लेख तिथे कोरलेला आहे. दात्याचे नाव आहे, चितारणाऱ्यांचे नाही.

एका ठिकाणी रंग गळून आतला गिलावा उघडा पडला होता. चिखलात शेण, गवताचे तंतू आणि धानाचा तूस कालवून हा गिलावा करत आणि वर चुन्याचा पातळ हात देत. मी सांगितले तेव्हा आई हसली. "आपल्या घरच्या भिंती अशाच होत्या," म्हणाली.

रोमच्या सिस्टाईन चॅपेलचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवले, म्हणजे याच्या हजार वर्षांनंतर. तिथे ओल्या चुन्यावर रंग दिला, तो चुन्यातच मुरला. आपल्याकडे वाळलेल्या भिंतीवर डिंक-सरसात कालवलेला रंग बसवला. म्हणून तो वरच्या वर आहे, आणि पापुद्र्यासारखा सुटतो. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, पण वर लाखेचे वार्निश दिले. आपल्याकडे पळसावर धरते तीच ही लाख. ती पिवळी पडली, तिच्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळली. पुरातत्त्व खात्याचे लोक ती फार जपून काढत आले आहेत.

दहाव्या लेण्यात स्तूपासमोर आम्ही त्रिशरण म्हटले. एका मावशीने अगरबत्ती काढली, पहारेकऱ्याने अडवले. मावशी रागावल्या, "आपल्याच बुद्धापुढे लावू देत नाही?" धुराने रंग काळवंडतो हे समजावले तेव्हा पुडा पिशवीत गेला, राग मात्र बाहेरच होता. याच लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला खांबावरच्या चित्रावर आपले नाव खरडले. शिकारीला आला होता तो. तेव्हा लेण्यात माती भरलेली होती, म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्यावर दिसते. आमच्यातला एक पोरगा ते बघून खिशातली किल्ली काढू लागला. मी त्याचा हात धरला आणि चारचौघांत नको तेवढे बोललो.

रात्री गाडीत वाईट वाटले. कारण बी.कॉम.ला असताना मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो, तेव्हा पहारेकऱ्याची पाठ बघून खांबावरच्या रंगावरून मीही बोट फिरवले होते. रंग खरा आहे का ते पाहायचे होते. पोराला उठवून हे सांगितले. तो म्हणाला, "काका, मग लागला का बोटाला?"

थोडासा लागला होता.

पुढची सहल उन्हाळ्याच्या सुटीत आहे. सोमवारी लेणी बंद असतात, त्या हिशेबाने तिकिटे काढू. आई आत्तापासूनच नाव लिहा म्हणते आहे.