मिस्त्रीकडची माउंटन बाइक

थंडी ओसरली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय रंगतो. सायकल घ्यायची! कुणाला डिस्क ब्रेक हवेत, कुणाला एकवीस गिअर. ईएमआयचं गणितही जमतं. आणि मग? मग ती देखणी बाइक सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहते. म्हणून फ्रेण्ड्स, आज जरा उलटी गोष्ट सांगते. माउंटन बाइक मुळात शोरूममध्ये जन्मलीच नाही.

ती जन्मली कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात. तिथल्या पोरांनी १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली उचलल्या, मडगार्ड काढून फेकले आणि उतारावर सुसाट सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली रेस झाली. नाव ‘रिपॅक’. का? तर उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं, आणि ते पुन्हा भरावं लागायचं. १९७७मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठीच खास फ्रेम बनवली. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केलीने कंपनी काढली. १९९६मध्ये हा खेळ थेट अटलांटा ऑलिम्पिकमध्ये! वीस वर्षांत भंगार ते मेडल. आहे की नाही भन्नाट?

आता चला बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला. या गावाला लोक ओळखतात ते शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तिथल्या जन्मोत्सवातल्या पुरी-वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादामुळे. पण फाल्गुनात इथली सकाळ सायकलवाल्यांची असते. हवेत अजून गारवा, बांधावर पळस लालभडक आणि पुढे मुरमाची पांदण. यापेक्षा चांगला ट्रेल काय असतो?

सायकल? ती तुमच्या आजोबांच्या घरी भिंतीला टेकून उभी आहे. तीच, काळी, दांड्याची! लोखंडी फ्रेम जड असते, पण दणकट. गावातला मिस्त्री तिचं रूप पालटू शकतो. मडगार्ड आणि चेनकव्हर काढायचं. हँडल रुंद आणि सरळ. मागच्या फ्रीव्हीलला साधारण १८ दाते असतात, तिथे २२चं बसवलं की चढ हलका होतो. सपाटीवर स्पीड कमी होईल, पण इथे घाई कुणाला आहे?

मात्र ब्रेकमध्ये काटकसर नको. सळईचा जुना ब्रेक रिमला आतल्या बाजूने धरतो, उतारावर त्याचा भरवसा नाही. कडेने धरणारा वायरचा ब्रेक लावायचा, तर रिमही बदलावी लागते. मिस्त्री ‘चालतंय की’ म्हणाला तरी ऐकू नका. चाकं छोटी घेतलीत, तर पेडल दगडाला घासतं, तेही आधीच तपासा. फोर्क आणि जोडांवर बारीक चीर दिसली, तर ती फ्रेम डोंगरावर न्यायचीच नाही. आणि उड्या? त्या विसरा. ही सायकल त्यासाठी बनलेली नाही.

ट्रेलवर खरा व्हिलन बाभळीचा काटा. त्याच्या जोडीला सराटे! सोल्युशन, पॅच आणि हातपंप सोबत हवाच. काळ्या रानात भेगा पडलेल्या असतात, पुढचं चाक अडकलं की तुम्ही थेट जमिनीवर. आणि हो, हरभरा सोंगायला आलेला असतो, गहू उभा असतो. रस्ता पांदणीचा, धुरा शेतकऱ्याचा. पिकातून शॉर्टकट नाही म्हणजे नाही. उजाडताना निघा, ऊन तापायच्या आत परत या.

आता मुद्द्याचं. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. ज्या सायकलींवर एक अख्खी पिढी शाळेत, शेतात आणि नोकरीवर गेली, त्या आज भंगारवाला किलोच्या भावाने नेतो. आपण मात्र तेवढ्याच दणकट सायकलीसाठी हप्ते भरतो. घरच्या फ्रेमवर खर्च करून पाहा. स्वतः पाना धरलेली सायकल वाटेत बिघडली, तरी कुठला नट ढिला झालाय, ते तुम्हाला ठाऊक असतं. पार्किंगमधल्या बाइकबद्दल सांगता येईल का हे?

तर या वीकेंडला शोरूमच्या आधी गावाकडे एक फोन करा. आजोबांची सायकल अजून आहे ना, एवढंच विचारायचंय.