'कशावरून?' विचारणारं मूल उद्धट नसतं



वर्गात एखादं मूल "कशावरून?" असं विचारतं, तेव्हा आपण बरेचदा "पुस्तकात दिलंय ना!" म्हणून पुढे जातो. माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न दाबला, तर विज्ञानाचं फक्त पाठांतर उरतं.

एक उदाहरण बघूया. आपल्या पार्ल्यात आता सोसायट्यांच्या गच्चीवर सौरपॅनल दिसतात. त्यातला मुख्य पदार्थ सिलिकॉन. त्याच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असं समजा. आत चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात, पण पृष्ठभागावर काही मोकळे राहतात. प्रकाशामुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन तिथे अडकतात आणि वीज कमी मिळते. हायड्रोजनचा अणू हा मोकळा हात धरतो आणि दोष झाकतो. अनेक पॅनलवरचा निळसर थर सिलिकॉन नायट्राइडचा असतो. तो प्रकाशाचं परावर्तन कमी करतो आणि आतल्या सिलिकॉनला हायड्रोजनही पुरवतो.

पण हाच हायड्रोजन सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या बोरॉनशेजारी जाऊन बसला, तर बोरॉनचं काम बंद पाडतो. म्हणजे तो नेमका कुठे बसलाय, हे कळायलाच हवं.

आता विचारा, कशावरून कळतं? इतका लहान अणू डोळ्यांनी दिसत नाही. इथे वर्णपटशास्त्र कामाला येतं. सिलिकॉन आणि हायड्रोजनमधला बंध स्प्रिंगसारखा कंप पावतो. त्यातून अवरक्त प्रकाश सोडला, की कंपनाशी जुळणारा प्रकाश शोषला जातो आणि वर्णपटात खाच पडते. ही खाच साधारण तिथे दिसते, जिथे प्रकाशाच्या २,००० ते २,१०० लाटा एका सेंटिमीटरात मावतात. हायड्रोजन बोरॉनजवळ असेल, तर ती १,९०० च्या आसपास येते. जागा बदलली, की खाच सरकते.

ही खाच हायड्रोजनचीच, हे तरी कशावरून? शास्त्रज्ञ हायड्रोजनऐवजी त्याचं दुप्पट जड भावंड, ड्युटेरियम, वापरतात. वजन वाढल्यामुळे कंपन मंदावतं आणि २,१०० ची खाच १,५०० च्या आसपास येते. झाली खात्री!

हे चौथीच्या मुलांना कसं सांगायचं? दोन सारख्या स्टीलच्या पट्ट्या घ्या. टेबलाच्या कडेबाहेर सारख्याच लांबीच्या ठेवून दाबून धरा. एकीच्या टोकाला मातीचा छोटा गोळा चिकटवा. मुलांना डोळे मिटायला सांगा आणि एकेक पट्टी छेडा. माती कुठल्या पट्टीला आहे, हे मुलं नुसत्या आवाजावरून ओळखतील. न पाहता वस्तू ओळखायची, तीही पुराव्यानिशी! अवरक्त, ड्युटेरियम हे शब्द नंतर येऊ द्या. ते शिकायला पुढे अख्खी शाळा आहे.

पार्ल्यापासून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटीत २०१० पासून सौरविजेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या कामाची सुरुवातही प्रश्नापासूनच होते.

पालकांनाही एक विनंती. घरी मुलाने "कशावरून?" विचारलं, तर "मोठा झालास की कळेल" असं म्हणू नका. उत्तर येत नसेल, तर "चल, बघूया कसं शोधायचं" म्हणा. गुणपत्रिकेत याला रकाना नाही, पण मूल विचार करायला शिकेल ते इथेच.