घटस्थापनेपर्यंतची मुदत

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत 'शुगर मुळासकट घालवतो' म्हणून अर्काच्या बाटल्या नि कॅप्सूल विकणाऱ्यांसाठी हा इशारा आहे. मंगल कार्यालयात मोफत शिबिर भरवणारे त्यात आले, ओळखीपाळखीनं घरात शिरून साखळीतला माल खपवणारे आले, आणि काउंटरवरून 'गोळ्या सोडल्या तरी चालतील' म्हणणारे दुकानदारही आले.

माझ्या आत्यानं अशाच एकाचं ऐकलं. चार महिने कारलं-जांभळाचा अर्क घेतला आणि डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात पडून राहिल्या. पायाची जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. त्यानंतर बाटली देणाऱ्यानं फोन उचलला नाही. मधुमेहात कारल्याचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन संस्थेनं 2012 साली आढावा घेतला. हाती लागल्या अवघ्या 4 चाचण्या आणि 479 रुग्ण. निष्कर्ष निघाला की पुरावा अपुरा आहे. एवढ्या भांडवलावर माझ्या आत्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या.

झाडपाल्यात औषध असतं, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. चंदगड, आजरा, राधानगरीच्या रानात नरक्या नावाचं झाड वाढतं. त्याची चोरटी तोड होते, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, 1966 साली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. वाणी जन्मानं आपल्या नंदुरबारचे. कर्करोगावर हे द्रव्य प्रभावी ठरेल असं प्रयोगशाळेत दिसलं, तरी कुणी लगेच बाटल्या भरून बाजारात बसलं नाही. माणसांवर चाचण्या झाल्या. तेव्हा रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं, रक्तातल्या पेशी घटल्या, आणि 1970च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रेणूत फेरफार झाले, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती थेट 1996 साली. मधे तीस वर्षं गेली. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं माईकवरून सांगणाऱ्यांनी ही तीस वर्षं आधी समजून घ्यावीत.

गुग्गुळाचंही तेच. कोलेस्टेरॉल उतरवणारा म्हणून त्याच्या अर्काला आपल्याकडे 1987 मध्ये विक्रीची परवानगी मिळाली. 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे तुलना केली, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल 5 टक्के उतरलं, गुग्गुळ घेणाऱ्यांचं 4-5 टक्के चढलं.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल प्यायली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की ती वेल दुसरीच, गुळवेलीसारखी दिसणारी असेल. पुढच्या अभ्यासात देशातल्या 13 केंद्रांतले असे 43 रुग्ण पुढे आले. पण घटकाभर मंत्रालयाचं म्हणणं खरं धरू. मग तुमच्या बाटलीत नेमकी कोणती वेल आहे, हे सिद्ध कोण करणार?

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, कर्करोग, संधिवात, लठ्ठपणा, मूतखडा अशा 54 विकारांवर इलाजाची जाहिरात त्यानं बंद केली आहे. पत्रक, लेबल, वेष्टन आणि तोंडी घोषणाही जाहिरातीत मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्याला वर्षभर. बाटलीवरचा 14 आकडी परवाना क्रमांक अन्नाचा आहे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापायचा नियमच आहे. तुमच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं आणि वर तोंडानं उलटं सांगितलं जातं.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लाखो माणसं येतील. तुमच्या पाट्या त्यांच्या नजरेला पडता कामा नयेत. म्हणून घटस्थापनेपर्यंत मुदत देतो. पाट्या उतरवा, पत्रकं मागे घ्या. ज्यांना गोळ्या सोडायला लावल्या, त्या प्रत्येकाला फोन करून परत डॉक्टरांकडे पाठवा. दावा खराच असेल तर तुमच्याच उत्पादनाची माणसांवर झालेली, छापून आलेली चाचणी दाखवा. त्याच बॅचचा शिसं, पारा आणि स्टेरॉइडचा तपासणी अहवालही दाखवा. अमुक काकांना फरक पडला, हे चालणार नाही.

आणि एक सूचना रुग्णांसाठी. सांधेदुखीवर विकली जाणारी पावडर घेणाऱ्यांनी ती स्वतःहून एकदम बंद करू नये. अशा पावडरीत चोरून स्टेरॉइड घातलेलं सापडतं आणि ते अचानक तोडलं तर जिवावर बेततं. पुडी घेऊन सरळ सीपीआर रुग्णालयात जा, डॉक्टरांना दाखवा.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी फोटो, पत्रकं, पावत्या आणि शिबिरातलं रेकॉर्डिंग लेखी तक्रारीसह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाईल, प्रत पोलिसांना. आत्याच्या दोन बाटल्या सीलसकट माझ्याकडे आहेत. तपासणीला सगळ्यांत आधी त्या जातील.