नव्या कोऱ्या उत्प्रेरकाचे आकडे पुरेत

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या अधिकाऱ्यांस,
नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली



मार्च २०२५ मध्ये तुम्ही मंजूर केलेल्या हायड्रोजन वाहनांच्या मार्गांत पुणे–मुंबई आहे, हे वाचून बरे वाटले आणि लगेच त्या वाटेवरचा बोरघाट आठवला. चढणीला फ्युएल सेलवर भार येतो, व्होल्टेज उतरते. उताराला भार सुटला की ते वर जाते. अशा प्रत्येक हेलकाव्यात सेलमधल्या उत्प्रेरकाच्या प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढतो, उतरतो आणि थोडे प्लॅटिनम विरघळते. उत्प्रेरक प्लॅटिनम-कोबाल्ट मिश्रधातूचा असेल, तर कोबाल्ट त्याहून आधी निसटतो, सेलच्या पडद्यात जाऊन बसतो आणि प्रोटॉनची वाट अडवतो.

यावर उपाय माहीत आहे. प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू एकाआड एक थरांत बसवले की कोबाल्ट सहज सुटत नाही. पण त्यासाठी साधारण ७०० अंश सेल्सियसला भाजावे लागते आणि त्या उष्णतेत चार-पाच नॅनोमीटरचे कण एकमेकांत मिसळून फुगतात. म्हणून कणांवर आधी सिलिकाचे कवच चढवतात. ते काढायला सहसा लागते हायड्रोफ्लुओरिक आम्ल, जे कातडीतून हाडापर्यंत पोचते. ग्रॅमभर मालासाठी हे जमते. किलोभर करायचे म्हटले की खरी परीक्षा सुरू होते. कणांमध्ये मीठ मिसळून भाजले, तर ते नंतर पाण्याने धुऊन टाकता येते. अशा वाटांवर पैसा लावायला हवा.

मिशनच्या १९,७४४ कोटींत संशोधनाला ४०० कोटी आहेत. रक्कम मोठी नाही, म्हणून ती कशावर जाते याला महत्त्व. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची उत्प्रेरकाच्या टिकाऊपणाची चाचणी ०.६ ते ०.९५ व्होल्टमध्ये ३०,००० फेऱ्यांची आहे आणि त्यानंतर क्रियाशीलतेतली घट ४० टक्क्यांच्या आत हवी. अवजड वाहनांसाठी त्यांचे २०३० चे लक्ष्य २५,००० तासांच्या आयुष्याचे आहे. आपण मात्र पहिल्या दिवसाच्या आकड्यावर टाळ्या वाजवतो.

तेव्हा मागणी एवढीच: उत्प्रेरकाच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता ३०,००० फेऱ्यांच्या निकालावर द्या. चाचणी काचेच्या भांड्यातली नको, पूर्ण सेलमधली हवी आणि ती उत्प्रेरक बनवणाऱ्या गटाने स्वतः करू नये. किती कोबाल्ट सुटला, तेही अहवालात लिहायला लावा. प्लॅटिनम आपल्याला बाहेरूनच आणावे लागते. एकाच बसमध्ये ते दोनदा भरणे परवडणार नाही.

आपला,
एक पदार्थवैज्ञानिक